घराला खोली वाढवायची आहे

मंडळी, दिवाळी आटोपली, पावसाने पाठ फिरवली आणि कापसाचा पहिला वेचा घरात आला, की आपल्या वर्धा जिल्ह्यात बांधकामाचा हंगाम सुरू होतो. गल्लीगल्लीत गिट्टी अन् रेती येऊन पडते. गवंड्याला सांगावे तर तो म्हणतो, "आता नाही जी, पुढच्या महिन्यात." कोणाला मुलाच्या लग्नासाठी एक खोली वाढवायची असते, कोणाला कवेलू काढून स्लॅब टाकायचा असतो, कोणाला म्हाताऱ्या आईसाठी घरालगत संडास-न्हाणी बांधायची असते. हौसेची कामे थोडी, गरजेची फार.

अशाच एका गरजवंताने मला मागे विचारले होते, "गुरुजी, जागा माही, पैसा माहा, गवंडी माहा. मंग त्या कमेटीचा अन् माह्या खोलीचा काय संबंध जी?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे जुनी माणसे नगरपालिकेला अजून कमेटीच म्हणतात, आणि कमेटी म्हटले की त्यांना कर आणि नोटीस एवढेच आठवते. तेव्हा बांधकामाचा परवाना म्हणजे काय, तो कोठे मागायचा, कोणत्या कामाला लागतो अन् कोणत्या कामाला लागत नाही, याची आज थोडी उकल करू. शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती अशी, की गावात ज्यांना कागद वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवावे. कारण या कामात अक्षरशत्रूचे जितके नुकसान होते तितके दुसऱ्या कोणाचेच होत नाही.

प्रथम संबंध काय ते पाहू. वर्धा शहर फार जुने नव्हे. १८६२ साली नागपूरपासून आपला जिल्हा वेगळा काढला तेव्हा मुख्य ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. पुढे १८६६ साली पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी हे शहर मुद्दाम आखून वसवले गेले. रस्ते आधी आखले आणि घरे मागून उभी राहिली. आज त्या आखणीतला एखादा रस्ता सरळ दिसतो आणि एखादा मध्येच चिंबलेला दिसतो. चिंबलेल्या ठिकाणी नीट पाहा. कोणी ओटा दोन हात पुढे घेतलेला असतो, शेजाऱ्याने ते पाहून अडीच हात घेतलेला असतो, आणि मग आग विझवायची गाडी आत जाऊ शकत नाही. खोली आपली असते खरी, पण तिची सावली, तिचे सांडपाणी आणि पन्हाळीची धार ही शेजाऱ्याच्या अंगणात पडते. परवान्याचा संबंध येतो तो येथे.

दुसरा संबंध आपल्या जमिनीशी आहे, त्याविषयी पुढे सविस्तर सांगतो.

कोणाच्या दारी जायचे?

आपल्या जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) येथे नगरपरिषदा आहेत. सेलू, समुद्रपूर, कारंजा आणि आष्टी येथे नगरपंचायती आहेत. यांच्या हद्दीत राहणाऱ्याने तेथल्या बांधकाम किंवा नगररचना विभागात अर्ज करायचा. बाकी सारा मुलूख ग्रामपंचायतींचा. गावठाणातल्या लहान घरापुरते ग्रामपंचायत पाहते. गावठाणाबाहेरच्या जागेसाठी किंवा मोठ्या इमारतीसाठी प्रकरण जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि नगररचना शाखेकडे जाते.

वर्धेच्या आसपास राहणाऱ्यांची येथे हमखास गफलत होते. पिपरी मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी, म्हसाळा ही गावे डोळ्याला शहरच दिसतात. पत्त्यात सगळे "वर्धा" लिहितात, पण कर ग्रामपंचायतीत भरतात. तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी मागच्या वर्षीची करपावती काढा आणि तिच्यावर कोणाचा शिक्का आहे ते बघा. ज्याचा शिक्का, त्याच्याकडे चौकशी. चुकीच्या दारी दिलेला अर्ज महिनाभर पडून राहतो आणि मग कोणी तरी सांगतो, "हे आमच्याकडे येत नाही."

कोणत्या कामाला परवाना नको?

सर्वच कामांना परवाना लागतो असे नाही. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य सरकारने बहुतेक महाराष्ट्रासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. मुंबईसारखी थोडी ठिकाणे तिच्यातून वगळली आहेत; आपला जिल्हा तिच्यात येतो. रीतसर उभ्या असलेल्या घराच्या नेहमीच्या डागडुजीला या नियमावलीप्रमाणे परवानगी लागत नाही. गिलावा करा, चुना किंवा रंग लावा, फरशी बदला, संडास-न्हाणी दुरुस्त करा, फुटका नळ किंवा सांडपाण्याचा पाइप बदला, विजेच्या तारा नव्या घाला, गच्चीला गळती बंद करणारा थर द्या. कोणाला विचारायचे कारण नाही. कवेलू फुटले म्हणून नवे कवेलू चढवले, तरीही नाही.

पण कवेलू काढून स्लॅब टाकायचा असेल तर मात्र परवानगी हवी. छप्पर त्याच मालाचे असेपर्यंत ती दुरुस्ती समजतात. माल बदलला की ते बांधकाम होते. तसेच घराची लांबी, रुंदी किंवा उंची बदलणे, भार पेलणारी भिंत किंवा खांब काढणे, जोते खाली घेणे, आतल्या आत पोटमाळा घालणे ही कामे डागडुजीत बसत नाहीत. नवी खोली आणि वरचा मजला यांचे तर सांगायलाच नको.

कवेलू आणि स्लॅब यांत एवढा भेद का, असे कोणी विचारील. उत्तर वजनात आहे. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एक खोली धरा. तिच्यावर पाच इंच जाडीचा स्लॅब टाकला, तर नुसत्या काँक्रीटचे वजन सुमारे साडेतीन टन होते. म्हणजे पस्तीस क्विंटल. पस्तीस क्विंटल कापूस भरलेली गाडी चार भिंतींवर कायमची उभी केली असे समजा. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती विटांच्या असल्या तरी जोडाई पुष्कळदा मातीच्या गाऱ्याची असते. त्या भिंतींनी पन्नास वर्षे लाकडी फाटे आणि कवेलू सांभाळले, म्हणून त्या स्लॅबही सांभाळतील हा हिशेब धोक्याचा आहे. म्हणून नियमावली म्हणते, की आधी जाणत्याने भिंत पाहावी, मग वजन चढवावे.

येथे थोडे विषय सोडून बोलतो. स्लॅब म्हणजेच पक्के घर, ही समजूत आपण जरा तपासून पाहिली पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा स्लॅबखाली झोपलेला माणूस मध्यरात्रीपर्यंत तळमळतो. सेवाग्रामच्या आश्रमातल्या कुट्या माती, बांबू आणि कवेलूंच्या आहेत. दुपारी बारा वाजता तेथे जाऊन बसून पाहावे. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या मातीच्या शंकूंची कमानदार छपरे केली, ती याच विचारातून. पैसा स्लॅबपुरताच असेल आणि भिंती जुन्या असतील, तर चांगले कवेलू चढवून उरलेल्या पैशात संडास बांधणे हा काही कमीपणा नव्हे. असो.

कागद

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. लोक समजतात की परवाना अडतो तो नकाशावर. माझा अनुभव असा, की दहांतली सात प्रकरणे नकाशापर्यंत पोहोचतच नाहीत. ती नावावर अडतात.

शहरातल्या जागेला आपल्या विदर्भात आखीव पत्रिका लागते. ती भूमि अभिलेख कार्यालयात मिळते. तिच्यावर जागेचे क्षेत्र असते, आणि जागा कोणाच्या नावे व कोणत्या हक्काने आहे तेही असते. शहरातल्या पुष्कळ जागा नझूलच्या आहेत, म्हणजे जमीन सरकारची आणि आपण पट्टेदार. पट्ट्याची मुदत केव्हाच संपून गेलेली असते आणि घरात कोणाच्या ध्यानीमनीही नसते. अशा वेळी आधी पट्ट्याचे नूतनीकरण करावे लागते. नागपूर व अमरावती विभागांतल्या नझूल जागा पूर्ण मालकीच्या करून देण्याच्या सवलती सरकारने वेळोवेळी काढल्या आहेत. त्यांच्या मुदती आणि दर बदलत असतात, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेत विचारूनच पुढे जावे.

लेआउटमधला प्लॉट असेल तर सातबारा, खरेदीखत आणि मंजूर रेखांकन हे पाहावे. "मंजूर" हा शब्द महत्त्वाचा. शेताचे तुकडे पाडून दगड रोवले म्हणजे लेआउट होत नाही. ज्यांनी फसून असे प्लॉट घेतले त्यांच्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, आणि २०२१ मधील दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आली आहेत. पण हा आधी झालेल्या चुकीवरचा इलाज आहे. त्याच्या भरवशावर नवा प्लॉट घेऊ नये.

खेड्यात आपण नमुना आठचा उतारा दाखवतो. तो कर आकारणीचा कागद आहे. घर कोणाच्या नावे कर भरते एवढेच तो सांगतो. मालकी सिद्ध करायला एकटा तो पुरत नाही. गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद नव्हता, म्हणून २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजून घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची, अशी ती योजना. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर पत्रिका काढून आणा आणि तिच्यावरचे क्षेत्र व नाव नीट वाचा. चूक असेल तर आजच हरकत घ्या. खोली बांधायला निघाल त्या दिवशी ती चूक दुरुस्त होत नाही.

नावाचा घोळ कसा होतो ते माझ्याच घरचे सांगतो. आमचे घर वडिलांच्या नावे होते. ते गेल्यावर आम्ही दिवस केले, तेरवी केली, गावजेवण घातले. फक्त वारसांची नोंद करायचे राहिले. कर मीच भरत होतो, पावती वडिलांच्या नावाची येत होती, कोणाचे काही अडत नव्हते. पुढे मुलाचे लग्न ठरले आणि मागे एक खोली वाढवावी म्हणून मी अर्ज घेऊन गेलो, तेव्हा टेबलामागच्या बाबूंनी विचारले, "हे गृहस्थ कुठे आहेत?" मी म्हटले, "नाहीत, वारले." ते म्हणाले, "मग सही कोण करणार?"

वारस नोंदीला दीड वर्ष गेले. एका कार्यालयात आमची फाइल दोनदा सापडेनाशी झाली; मी पोच घेतली नव्हती, हा माझाच गाढवपणा. तोवर मुलाचे लग्न होऊन सून घरात आली होती आणि मी ओसरीत झोपत होतो.

मधे एक नाजूक प्रसंग आला. वारसांत माझ्या थोरल्या बहिणीचे नाव आले. कायद्याने ते यायलाच हवे होते. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलार्जित मिळकतीतही मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. एका सल्लागाराने मला सांगितले, "ताईंकडून हक्कसोडपत्र करून घ्या, म्हणजे कटकट मिटली." मी कागद घेऊन ताईकडे गेलो. तिने चहा दिला, कागद वाचायला लावला आणि शांतपणे म्हणाली, "घर वाढव रे बाबू, सून आली तर खोली पायजेच. सही मी पायजे तिथं करीन. पण हक्क सोडला असं नको लिहू. बाबाच्या कागदावर माहं नाव राहू दे."

मला तेव्हा कळले, की हक्कसोडपत्राची गरजच नव्हती. अर्जाला सहमालकाची संमती पुरते. आमच्या परवान्यावर आज दोघांचीही नावे आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण परवान्याच्या घाईत बहिणींकडून नको त्या कागदावर सह्या घेतल्या जाताना मी पाहिल्या आहेत. संमतीपत्र निराळे आणि हक्कसोडपत्र निराळे. भगिनींनो, सही करण्यापूर्वी वरचे शीर्षक वाचा. वाचता येत नसेल तर गावातल्या शिक्षिकेला बोलवा.

नकाशा आणि काळी माती

कागद जुळले की नकाशा. तो वास्तुविशारद, परवानाधारक अभियंता किंवा परवानाधारक पर्यवेक्षक यांनी काढून सही केलेला हवा. गवंड्याने जमिनीवर फक्कीने ओढलेल्या रेघा चालत नाहीत. नकाशात जागेच्या चतुःसीमा, समोरच्या रस्त्याची रुंदी, आज उभे असलेले घर आणि नवे काम हे वेगवेगळे दाखवलेले असते. समोर, मागे व बाजूला किती जागा मोकळी सुटते, सांडपाणी आणि शौचखड्डा कोठे आहे, हेही त्यात येते.

मोकळ्या जागेवरून लोक फार हळहळतात. "एवढी जागा वाया?" असे म्हणतात. त्या वाया गेलेल्या जागेतून तुमच्या स्वयंपाकघरात वारा येतो, आणि शेजारी उद्या दोन मजले चढवील तेव्हा तुमच्या घरात दुपारी दिवा लावावा लागत नाही, तोही तिच्यामुळेच.

आता जमिनीचे. आपल्या जिल्ह्याची काळी माती कापसाची आई आहे, पण घराची ती सावत्र आई. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आटते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी घराचा पाया ती थोडा उचलते अन् थोडा सोडते. जुन्या घराला लागून नवी खोली बांधली आणि दोघांचे पाये कमीजास्त खोल असले, तर दोन-तीन पावसाळ्यांत जोडावर उभी भेग पडते. आमच्या आळीत एका घराच्या भेगेतून एका खोलीतला दिवा दुसऱ्या खोलीत दिसत असे. घरमालक दरवर्षी सिमेंट भरीत आणि भेग दरवर्षी उघडे. त्यांनी पाया कंबरभर खणला होता. काळी माती पुरुषभर होती.

उपाय असा, की पाया काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत न्यावा, खणलेल्या चरात तीच माती परत न भरता मुरूम भरावा आणि घराभोवती पाणी साचू देऊ नये. मुरूम फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी सुधारलेली एक पद्धत आहे. तीत जमिनीत खोल भोक पाडून त्याचे बूड कांद्यासारखे फुगवतात व त्यात सळई-काँक्रीटचा खांब ओततात. फुगीर बूड खालच्या स्थिर थरात अडकून बसते आणि वरची माती कितीही हलली तरी घर हलत नाही. हे गवंड्याच्या अंदाजाचे काम नाही, अभियंत्याचे आहे. नकाशावर त्याची सही मागतात ती शोभेसाठी नसते. उद्या भिंत गेली तर तो जबाबदार असतो.

अर्ज, शुल्क आणि मुदत

लहान घरांसाठी आता बरीच सोय झाली आहे. प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंत असेल, तर परवानाधारक तज्ज्ञाने नियमाप्रमाणे काढलेला नकाशा व मालकीचे कागद सादर करून शुल्क भरायचे. मग वेगळी मंजुरी येण्याची वाट पाहावी लागत नाही. भरण्याची पावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटचे प्रकरण दहा दिवसांत निकाली काढायचे असे ठरले आहे. ग्रामीण भागासाठीही २०२१ साली याच धर्तीवर निर्णय झाला. गावठाणात पहिल्या गटातल्या माणसाने कागद व अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत देऊन शुल्क भरायचे आणि काम सुरू करायचे. दुसऱ्या गटात ग्रामपंचायतीने दहा दिवसांत शुल्काची रक्कम कळवायची आणि ती भरल्यावर दहा दिवसांत बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र द्यायचे. ग्रामसेवकांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. नवी पाटी पाहून गोंधळू नका, माणूस तोच.

सवलत आहे म्हणून नियम सुटला असे मात्र समजू नका. पावतीवर बांधलेली खोली नियमाबाहेर गेली तर ती अनधिकृतच ठरते, आणि खोटे प्रमाणपत्र देणारा तज्ज्ञही अडकतो.

शुल्कात छाननी शुल्क, विकास शुल्क आणि बांधकाम कामगारांच्या कल्याणाचा उपकर असे भाग असतात. विकास शुल्क जागेच्या सरकारी दरावर बसते, म्हणून गावागावांत ते निराळे. रक्कम लेखी मागा आणि पावती घ्या. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. "वरचे" म्हणून कोणी काही मागितले तर त्याचे नाव शुल्क नव्हे.

नगरपरिषदांत अर्ज आता बहुधा संगणकावरून होतो आणि तो तुमचा अभियंताच भरतो. भरल्यावर त्याच्याकडून अर्जाचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. ग्रामपंचायतीत कागदी अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. मी घेतली नव्हती, त्याचे फळ वर सांगितलेच.

उत्तरच आले नाही तर? १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचे कलम ४५ सांगते, की पूर्ण अर्ज दिल्यापासून साठ दिवसांत काहीच कळवले नाही तर परवानगी मिळाली असे मानावे. पण यात एक मेख आहे. काम नियमांत बसणारे असेल तरच हे लागू. पुष्कळ लोक साठ दिवस मोजतात, मेख विसरतात आणि मग नोटीस आली की कपाळाला हात लावतात. म्हणून वाट पाहण्यापेक्षा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा आधार घ्यावा. बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र या नगरपालिकांच्या अधिसूचित सेवा आहेत. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते आणि त्याला खर्च फारसा नाही. परवानगी नाकारली तर कारण लेखी द्यावेच लागते. त्यावर कलम ४७ खाली चाळीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील आहे. पण पुष्कळदा नकार एखाद्या भिंतीपुरता असतो, तेव्हा नकाशा सुधारून पुन्हा देणे हेच शहाणपणाचे.

काम चालू असताना

परवाना एका वर्षासाठी असतो. कापसाने दगा दिला, काम सुरूच झाले नाही, तर वर्ष संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज द्या.

जोते झाले की कळवायचे, म्हणजे ते नकाशाप्रमाणे आहे का हे तपासले जाते. लहान प्लॉटवर हे प्रमाणपत्र तुमचा तज्ज्ञच देतो. या टप्प्यावर एक फूट चुकले तर चार विटा काढाव्या लागतात. छतानंतर चुकले तर घर. काम चालू असताना घरातली मंडळी "खिडकी इकडे घ्या, दार तिकडे घ्या" म्हणतातच. लहानसा फेर असेल तर अभियंत्याला विचारा. भिंत सरकत असेल तर सुधारित नकाशा द्या. मंजूर नकाशाची एक प्रत बांधकामाच्या जागी ठेवावी. रेती-गिट्टी रस्त्यावर टाकू नये. आमच्याकडे एक सायकलवाला पोरगा रात्री गिट्टीवरून घसरून दात पाडून बसला होता.

शेजाऱ्याला आधी सांगावे. कायद्याने नव्हे, माणुसकीने. सामाईक भिंत असेल तर तिला हात लावण्यापूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी. बांधकामाचे निम्मे तक्रार-अर्ज शेजाऱ्यांचे असतात, आणि त्यांतले निम्मे कोणी विचारले नाही एवढ्याच रागाचे.

काम पुरे झाले की पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे. ते नसेल तर पुढे बँकेचे कर्ज, घराची विक्री, नळाची जोडणी या वेळी हटकून अडते.

आधीच बांधून बसलो, आता?

असे पुष्कळ आहेत. त्यांची पहिली समजूत अशी, की "आम्ही कर भरतो, म्हणजे घर कायदेशीर झाले." तसे होत नाही. अनधिकृत बांधकामावरही कर बसतो, वर शास्ती बसू शकते, आणि कर भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. विनापरवाना बांधकाम हा कलम ५२ खाली गुन्हा आहे. त्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. ती खोलीवाल्या गरिबाला सहसा होत नाही, पण कलम ५३ ची नोटीस येऊ शकते.

नोटीस आली तर दडवू नका. तारीख पाहा, मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. जे बांधकाम नियमांत बसते, फक्त परवानगी घेतलेली नाही, ते प्रशमन शुल्क भरून नियमित करून घेण्याची वाट कायद्यात आहे. तो अर्ज नोटीस येण्याची वाट न पाहता करावा हे उत्तम. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितले आहे, की निदान पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय घर पाडू नये. पण रस्ता, पदपथ, नदीपात्र, रेल्वेची हद्द यांवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. नाल्यावर खोली बांधणाऱ्याने त्याचा आधार शोधू नये.

शेवटी शिक्षकांसाठी एक धडा सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना टेप देऊन स्वतःचे घर मोजायला सांगा. आखीव पत्रिकेवर किंवा मिळकत पत्रिकेवर जे क्षेत्र लिहिले आहे ते वहीत उतरवा, मोजलेले क्षेत्र शेजारी लिहा, फुटांचे मीटर करा आणि वजाबाकी करा. कागदावर कोणाचे नाव आहे, ते माणूस हयात आहे का, हेही घरी विचारून यायला सांगा. आमच्या शाळेत हा धडा केला तेव्हा एक मुलगी दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "सर, आमच्या घराच्या कागदावर माह्या पणज्याचं नाव हाय." तिच्या वडिलांनी त्याच आठवड्यात वारस नोंदीचा अर्ज दिला, आणि त्याची शिक्का मारलेली पोच ती मला दाखवायला घेऊन आली.